एका अक्षरातली सत्तेचाळीस कार्डं

ग्रँट फॉल्सच्या नगरपालिकेच्या मालकीचं एक रेडिओ स्टेशन होतं. नदीला पूर आला की काठावरच्या वस्तीला सूचना द्यायला ते पन्नासेक वर्षांपूर्वी उभारलं होतं. पूर काही रोज येत नाही. मधल्या दिवसांत यंत्र चालतं राहावं म्हणून कुणा ऑपरेटरनं घरच्या रेकॉर्डी आणून लावल्या, लोकांना त्या आवडल्या. पुढं वरच्या अंगाला धरण झालं, पूर यायचे थांबले, पण रेकॉर्डी काही थांबल्या नाहीत. १९८६ साली तिथं दिवसभर सिम्फनी, पियानो, ऑपेरा असं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत वाजत असे. रविवारी दुपारी चार ते साडेचार एवढा अर्धा तास मात्र हिंदुस्थानी संगीताचा.

"कचरा उचलते आणि व्हायोलिनही वाजवते अशी जगात ही एकच म्युनिसिपालिटी," महाराष्ट्र मंडळातला प्रताप म्हणायचा. "आणि आमच्या वहिनी त्या व्हायोलिनच्या खात्यात! साताऱ्यात सांगितलं तर लोक हसतील, यार."

वहिनी म्हणजे उत्तरा दातार. नागपूरला फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून, लग्न होऊन ती इकडं आली, आणि गेली नऊ वर्षं स्टेशनच्या ट्रान्समीटरवर इंजिनियर होती. शहराबाहेर टेकडीवर मनोरा, त्याच्या पायथ्याशी एक विटांची खोली. दर तीन तासांनी मीटर वाचायचे, वहीत आकडे लिहायचे, खाली सही करायची. तिच्या आधीचा माणूस सकाळीच दिवसभराचे आकडे लिहून मोकळा होत असे, कारण ते क्वचितच बदलत. उत्तरा प्रत्येक मीटर तीनदा वाची. नऊ वर्षांत तिच्या वहीत एकही खाडाखोड नव्हती, आणि याचा तिला अभिमान होता. तो ती कुणाला दाखवत नसे एवढंच.

रविवारचा अर्धा तास तिचा नवरा गुरुदत्त चालवत असे. तो टायरच्या कारखान्यात केमिस्ट. आपल्या रेकॉर्डी आणि कॅसेटी घेऊन गुरुवारी संध्याकाळी स्टुडिओत जायचा, मध्ये मध्ये इंग्रजीत चार वाक्यं बोलायचा, आणि ती टेप रविवारी लागायची. बिनपगारी काम. पण घरात त्या अर्ध्या तासाची खरी मालकीण वेगळीच होती. गुरुदत्तची आई, सुलभाताई. उत्तराचे सासरे राजारामपंत गेल्यावर तीन वर्षांपूर्वी त्या इकडं आल्या. इंग्रजी येत नाही, गाडी येत नाही, बाहेर बर्फ. नातू दुसऱ्या गावी कॉलेजात. आठवड्याचे सहा दिवस त्या कसेबसे ढकलायच्या. रविवारी मात्र साडेतीनलाच धुतलेलं पातळ नेसून स्वयंपाकघरातल्या रेडिओसमोर खुर्ची ओढायच्या. राजारामपंत गाणं ऐकताना उजव्या गुडघ्यावर ताल धरायचे. आता सुलभाताई आपल्या गुडघ्यावर तो धरायच्या, आणि समेवर बोट जरा जास्त जोरानं टेकायच्या.

"हे त्यांच्या वाटणीचं," एकदा त्या उत्तराला म्हणाल्या होत्या.

त्या वर्षी जानेवारीत नगरपालिकेत स्टेशन विकून टाकायची भाषा सुरू झाली. कोण ऐकतं हे, असा प्रश्न समितीच्या अध्यक्षीणबाई मिसेस ब्रॅनिगन यांनी विचारला, आणि स्टेशनचे मॅनेजर मिस्टर हॅगर्टी यांच्याकडं त्याचं उत्तर नव्हतं. मग असं ठरलं: चार आठवडे श्रोत्यांना कार्डं पाठवायला सांगायचं. एका कार्यक्रमाला एका माणसाचं एक कार्ड. पन्नासपेक्षा कमी कार्डं आली तो कार्यक्रम बंद. आणि एकूण आकडा बघून स्टेशन ठेवायचं की विकायचं ते मार्चमध्ये ठरवायचं.

मोजायचं काम हॅगर्टींनी उत्तराला दिलं. "तुमच्या आकड्यावर कुणी शंका घेणार नाही," ते म्हणाले.

त्याच संध्याकाळी उत्तरानं जेवणाच्या टेबलावर नियम घातला. "गुरू, हे चार आठवडे घरात कार्डांबद्दल एक शब्द नको."

"अगं, पण मंडळात आम्ही—"

"एक शब्दसुद्धा नको. तू कार्यक्रम चालवतोस आणि मी मोजणार आहे. ज्याला निकाल हवा असतो त्यानं मापन करणाऱ्याच्या कानाशी लागायचं नसतं."

"म्हणजे मी उंदीर का तुझ्या प्रयोगातला?"

"उंदीर बरा. तो बोलत नाही."

सुलभाताई हसल्या. गुरुदत्तही हसला, पण नियम त्यानं पाळला. संक्रांतीनंतरच्या शनिवारी मंडळाचं तिळगूळ चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये होतं. उत्तराची ट्रान्समीटरवर ड्यूटी होती. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मायलेकही नुकतेच परतले होते. सुलभाताईंनी तिच्या हातावर लाडू ठेवला आणि उत्साहानं म्हणाल्या, "उत्तरा, आज की नाही, आम्ही सगळ्या म्हाताऱ्यांनी—"

"आई, नको," गुरुदत्त म्हणाला. "तिला चालत नाही ते."

सुलभाताईंनी ओठ मिटले आणि डोळ्यांनीच, बरं बाई, असं म्हटलं.

कार्डं स्टेशनच्या ऑफिसात पोत्यांतून आली. सगळी मिळून तीन हजारांच्या घरात. उत्तरानं भिंतीवर शहराचा मोठा नकाशा लावला. मनोऱ्याभोवती लहरी पोचतात तेवढं वर्तुळ काढलं, आणि प्रत्येक कार्डाचा पत्ता बघून त्या जागी टाचणी टोचायला सुरुवात केली. तिला लागत होती ती कार्डाची पुढची बाजू: कोपऱ्यात पाठवणाऱ्याचं नाव, पत्ता, आणि कार्यक्रमाचं नाव. मागच्या बाजूला श्रोत्यांनी काय लिहिलंय ते हॅगर्टींची सेक्रेटरी नंतर बघणार होती. पुढची बाजू बघताना अक्षर आपोआप बघितलं जाई. एकाच माणसानं दोन कार्डं पाठवलेली तिनं अशीच पकडली, आणि एकेक बाद केलं.

'दुपारची मैफल' या कार्यक्रमाच्या गठ्ठ्यात एकसष्ट कार्डं एकाच गोल, निळ्या अक्षरात होती. पत्ता सगळ्यांचा एकच, एक वृद्धाश्रम. उत्तरानं तिथं फोन केला. एक बाई बोलल्या: "हो, मीच लिहिली. आमच्या लोकांचे हात थरथरतात हो." दोन मिनिटांचं बोलणं. उत्तरानं वहीत लिहिलं, 'अक्षर एक. कारण समजले', आणि एकसष्टही कार्डं मोजली.

हिंदुस्थानी अर्ध्या तासाचा गठ्ठा तिनं मुद्दाम शेवटी घेतला. त्र्याऐंशी कार्डं. पन्नासच्या बरीच वर. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून ती जास्तच सावध झाली. नकाशावर टाचण्या टोचता टोचता तिच्या लक्षात आलं की यातली सत्तेचाळीस कार्डं एकाच अक्षरात आहेत. काळी शाई, उभी, सुटी, शाळेतल्या फळ्यावरची असावीत तशी अक्षरं. पत्ते वेगवेगळे, काही घरांतून तीन-तीन, चार-चार, एका घरातून तर सहा. ती एकेक कार्ड खाली ठेवत गेली आणि एका नावापाशी तिचा हात थांबला.

राजाराम व्ही. दातार. पत्ता तिच्याच घराचा.

टाचणी तिच्या बोटात तशीच राहिली. राजारामपंतांना जाऊन तीन वर्षं झाली होती. हे नाव, हा पत्ता कोण सांगणार? घरातलाच माणूस. कार्यक्रम ज्याचा तोच माणूस. वडिलांच्या नावानं कार्ड! बाकीची सेहेचाळीस मग कुणाकुणाच्या नावानं असतील?

ते कार्ड उलटून बघावं असं तिला वाटलं नाही. नागपूरला तिचे प्रॅक्टिकलचे सर म्हणत, प्रयोगाच्या एका बैठकीतलं एक वाचन बनावट निघालं तर ती बैठकच रद्द समजा. तिनं सत्तेचाळीस कार्डांना रबरबँड लावला, वर चिठ्ठी डकवली, 'एकाच हाताने लिहिलेली. बाद', आणि रिपोर्टात हिंदुस्थानी संगीतापुढं छत्तीस हा आकडा लिहिला. खाली सही केली.

हॅगर्टींनी रिपोर्ट दोनदा वाचला. "तुम्ही तुमच्याच लोकांचा आकडा कमी केलात," ते म्हणाले. "उत्तरा, हे मी समितीत सांगणार आहे. यानंतर बाकीच्या आकड्यांवर कोण बोट ठेवेल?"

ती टाचण्यांची डबी बंद करू लागली. शाबासकी तिला नेहमीच अवघड वाटे.

घरी गुरुदत्तला बातमी हॅगर्टींच्या फोनवरून कळली. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "छत्तीस?"

"सत्तेचाळीस एका अक्षरात होती."

"मग?"

"मग बाद केली."

"मला विचारलं नाहीस."

"विचारायचं नाही असं ठरलं होतं."

"तुझं ठरलं होतं," तो म्हणाला. हॉलमधली हकीकत त्याच्या तोंडाशी आली होती, पण नियम तिचाच होता, म्हणून रागानं त्यानं ती सांगितलीच नाही. राजारामपंतांच्या कार्डाबद्दल उत्तराही बोलली नाही. आपण त्याला लाजेपासून वाचवतोय असं तिला वाटत होतं. त्या आठवड्यात घरात भाजी, गाडीचा टायर आणि हवामान एवढ्याच विषयांवर बोलणं झालं. सुलभाताईंना कुणी काही सांगितलं नव्हतं. शुक्रवारी त्यांनी सहज विचारलं, "आपलं गाणं राहतंय ना गं?" उत्तरा म्हणाली, "बुधवारी ठरेल, आई." उत्तर खरं होतं, पण ते देताना ती कणीक मळत होती आणि तिनं मान वर केली नाही.

शनिवारी सकाळी नीला आली. नाशिकला अठरा वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून नवऱ्यामागं इकडं आलेली, शांत, नीटनेटकी बाई. सुलभाताईंसाठी लोकर आणली होती. त्या आंघोळीला गेलेल्या बघून तिनं पिशवी टेबलावर ठेवली आणि कोट न काढताच बसली.

"चहा टाकू?"

"नको. उत्तरा, एकच विचारायचंय. माझ्या अक्षरात काय खोट होती?"

उत्तरा ओट्यापासून वळली. "तुझ्या?"

"मग कुणाच्या? मंडळातले हसतायत मला. प्रताप म्हणतो, नीलाबाई, तुमचं अक्षर एवढं चांगलं की म्युनिसिपालिटीला छापील वाटलं."

"नीला, सत्तेचाळीस कार्डं तू एकटीनं का लिहिलीस?"

"का म्हणजे? त्यांना येतंय का लिहायला? तिळगुळाच्या दिवशी टेबल टाकून बसले होते मी. तुझ्या सासूबाईंनीच सुचवलं. लायनीत बसवलं सगळ्यांना खुर्च्यांवर. सगळ्यांचे आईवडील, गुजराती मोटाबेन, त्या तेलुगू आजी, आपल्या रेखाच्या आत्याबाई. दोन तास. एकेकाला विचारलं, काय ऐकता, काय सांगायचंय, आणि जे बोलले तेच इंग्रजीत लिहिलं, माझं एक वाक्य घातलं नाही. मान आखडली माझी. गुरुदत्त तिथंच होते, समोसे वाटत होते. त्यांनी सांगितलं नाही तुला?"

"मी सांगू दिलं नाही," उत्तरा म्हणाली.

नीलानं लोकरीची पिशवी पुढं सरकवली. "मागं वाचलं असतंस तर कळलं असतं गं," ती हळूच म्हणाली, आणि उठली.

उत्तरा तशीच गाडी काढून ऑफिसात गेली. शनिवारी तिथं कुणी नव्हतं. भिंतीवरच्या स्पीकरमधून कुठलीशी चेलोची रचना चालली होती. तिनं कपाटातून तो गठ्ठा काढला, रबरबँड सोडला आणि पहिल्यांदाच कार्डं उलटी केली.

'सतार कमी लावा. गाणं जास्त लावा.'

'चारला जावई झोपतात. आवाज बारीक ठेवून ऐकते. पाचला करता आलं तर बघावं.'

'माझ्या खोलीत रेडिओ नाही. मुलाच्या गाडीत बसून ऐकतो. गाडी चालू ठेवावी लागते म्हणून सून रागावते.'

'निवेदक चांगले आहेत पण रागाचं नाव फार घाईत सांगतात.'

हे वाचून तिला हसू आलं आणि लगेच ते मावळलं. सहा कार्डांवर एकच वाक्य होतं, 'अतिशय उत्तम कार्यक्रम', आणि सहाही नावांचा पत्ता प्रतापच्या घराचा. त्याचे हे सगळे भाऊ साताऱ्याला राहतात हे तिला माहीत होतं. ती सहा तिनं वेगळी ठेवली. मग सुलभा दातार हे नाव आलं. मागं लिहिलं होतं: 'दर रविवारी ऐकते. मागच्या महिन्यात बातम्यांसाठी विलंबित ख्याल मध्येच तोडला. असं करू नये. गाणाऱ्याचा श्वास तुटतो.'

आणि त्याच्याखाली राजारामपंतांचं.

'हे आता नाहीत. असते तर ऐकलंच असतं. यांना मोजायचं की नाही ते तुम्ही ठरवा.'

उत्तरा खुर्चीवर बसली. त्या कार्डात लबाडी नव्हतीच. ज्या एका वाचनामुळं तिनं अख्खी बैठक रद्द केली, ते वाचन स्वतःहून आपली खरी परिस्थिती सांगत होतं. फक्त मागच्या बाजूला. तिनं काही विचार न करता आपली वही ओढली, पानं उलटली, आणि तिचंच वाक्य तिच्यासमोर आलं: 'अक्षर एक. कारण समजले.' एकसष्ट कार्डं, एका अनोळखी बाईचा दोन मिनिटांचा फोन. त्या बाईंवर तिनं विश्वास ठेवला, कारण त्या खोटं बोलतील असं तिच्या मनातच आलं नाही. आपली माणसं मात्र लबाडी करतील हे तिला न विचारताच पटलं. तिथं फोन करायचा राहिला असंही नाही. करावासा वाटलाच नाही.

चूक झाली की ती मोजायची, एवढंच तिला येत होतं. शनिवार-रविवार तिनं ऑफिसातल्या फोनवर घालवला. प्रतापपासून सुरुवात केली.

"वहिनी, गंमत होती यार! नीलाबाई एवढ्या सीरियसली लिहीत होत्या, म्हटलं आपले पण भाऊ घुसवू."

"सहा गेले, प्रताप."

"जाऊ देत. आळशी आहेत ते, ऐकलं नसतंच."

मग बाकीची चाळीस नावं. एका आजींनी उलटतपासणी घेतली. "तू कोण? म्युनिसिपालिटीची का गं?"

"हो, काकू."

"मग मी ऐकते की नाही हे मला कशाला विचारतेस? मागच्या रविवारी काय होतं ते विचार ना. मारवा होता. आणि संध्याकाळ व्हायच्या आधीच लावलात तो."

चाळीसच्या चाळीस खरी निघाली. सत्तेचाळीसमधून सहा गेली, आणि राजारामपंतांचं एक. छत्तीस अधिक चाळीस, शहात्तर. रविवारी संध्याकाळी तिनं गुरुदत्तसमोर कागद ठेवला. त्यानं तो वाचला.

"बाबांचं कार्ड मी लिहायला लावलं असं वाटलं तुला," तो म्हणाला.

"हो."

"वीस वर्षं झाली आपल्या लग्नाला, उत्तरा."

उत्तरानं कागदाची घडी घातली. ती म्हणाली, "सोमवारी मी हॅगर्टींकडं जाते."

सोमवारी हॅगर्टींनी कागद वाचून चष्मा काढला. ते बासष्ट वर्षांचे होते आणि स्टेशन विकलं गेलं तर त्यांना दुसरीकडं कुणी घेणार नव्हतं. हे तेही जाणून होते आणि तीही.

"तुमचं म्हणणं खरं आहे," ते म्हणाले. "पण दोन दिवस आधी तुम्ही तुमच्या कार्यक्रमाचा आकडा दुप्पट केलात, तर काय दिसेल? मतं काठावर आहेत. रिपोर्टातली एक वीट हलली की ते सगळीच भिंत हलवून बघतील. आठवड्याच्या अर्ध्या तासापायी रोजचे अठरा तास घालवायचे का?"

"माझी सही आहे त्यावर."

"म्हणूनच सांगतोय."

दोन दिवस ती मनोऱ्याच्या खोलीत मीटर वाचत राहिली. अर्धा तास एका बाजूला, अठरा तास दुसऱ्या. हिशेब हॅगर्टींचा बरोबर होता. पण त्या कागदावर छत्तीस लिहिलेलं होतं, आणि ते छत्तीस नव्हते. मंगळवारी संध्याकाळी तिनं ट्रान्समीटरच्या वहीत एक आकडा चुकवला. नऊ वर्षांतली पहिली खाडाखोड. ती तिनं नियमाप्रमाणं एका रेघेनं छेदली, शेजारी बरोबर आकडा लिहिला, सही केली, आणि तिच्या लक्षात आलं की झालेल्या चुकीचं काय करायचं असतं हे तिला पहिल्यापासून माहीत होतं.

बुधवारी दुपारी दोनला समिती बसली. नऊ सभासद, अर्धचंद्राकार टेबल, श्रोत्यांच्या खुर्च्या बऱ्याचशा भरलेल्या. हॅगर्टी चांगलं बोलले. उत्तरानं हात वर केला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

ती माइकपाशी गेली आणि चार वाक्यांत सांगितलं: एक आकडा चुकलाय, तो माझ्यामुळं चुकलाय, बरोबर आकडा शहात्तर आहे, ही कार्डं आणि हे फोनचे तपशील.

मिसेस ब्रॅनिगन यांनी कागदाला हात लावला नाही. "मिसेस दातार, हा कार्यक्रम कोण चालवतं?"

"माझे पती."

"तुमच्या घरातून किती कार्डं आली आहेत?"

"दोन. एक मोजलंय."

"तुमचा असा संबंध आहे हे आधी का नाही सांगितलंत?"

"आधी मी आकडा कमी केला होता," उत्तरा म्हणाली. "तेव्हा कुणी विचारलं नाही."

मागं कुणीतरी हसलं. मिसेस ब्रॅनिगन हसल्या नाहीत. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांनी शेजारच्या वकिलाशी दोन शब्द बोलून घेतले आणि सांगितलं की हितसंबंध असलेल्या व्यक्तीची दुरुस्ती नोंदवून घेता येईल, धरता येणार नाही. मूळ रिपोर्ट मात्र धरला जाईल, कारण तो स्वतःच्या हिताविरुद्ध आहे. नंतर अर्धा तास इतर आकड्यांवर प्रश्न झाले. वृद्धाश्रमाच्या एकसष्ट कार्डांवरही झाला. उत्तरानं वही उघडून फोनची नोंद वाचून दाखवली, आणि त्यांना ती पुरेशी वाटली. शेवटी पाच विरुद्ध चार मतांनी स्टेशन तीन वर्षं ठेवायचं ठरलं. पन्नासच्या खालचे चार कार्यक्रम बंद. त्यांत हिंदुस्थानी संगीत, छत्तीस.

हॅगर्टी तिच्याजवळून जाताना एवढंच म्हणाले, "थोडक्यात वाचलो." त्यांच्या बोलण्यात राग होता की सुटका, तिला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं.

घरी सुलभाताई खिडकीशी विणत बसल्या होत्या. गुरुदत्त कारखान्यातून आला नव्हता. तो येईपर्यंत थांबावं असं उत्तराला वाटलं, आणि म्हणूनच ती थांबली नाही. कोट अंगात ठेवूनच त्यांच्यासमोर स्टुलावर बसली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. नियम, टाचण्या, रबरबँड, बाबांचं नाव.

सुलभाताईंच्या सुया थांबल्या.

"म्हणजे बंद."

"या महिनाअखेर. अजून दोन रविवार आहेत."

"गुरूनं केलं असं वाटलं तुला."

"हो."

"ते कार्ड मीच सांगितलं होतं लिहायला. नीला नको म्हणत होती. मी म्हटलं, खरं ते लिही, मग काय होतंय." त्यांनी लोकरीचा गुंडा मांडीवरून उचलून पिशवीत टाकला. "त्यांचं तू मोजलं नाहीस ते बरोबरच. ते नाहीतच. पण माझं कुठं खोटं होतं गं?"

उत्तराजवळ याचं उत्तर होतं. ते कार्यपद्धतीचं होतं, अक्षराचं, बैठकीचं. ती ते बोलली नाही.

"नव्हतं, आई," ती म्हणाली.

सुलभाताई उठल्या. "कोट काढ," त्या म्हणाल्या, "घामेजलीस," आणि आपल्या खोलीत गेल्या. त्या रात्री त्या जेवायला आल्या, भात वाढून घेतला, गुरुदत्तशी बोलल्या. उत्तराशीही बोलल्या, पण मीठ, ताक एवढंच.

शेवटचे दोन रविवार त्यांनी ऐकले. तिसऱ्या रविवारी चार वाजता रेडिओवर पियानो सुरू झाला. सुलभाताई धुतलेलं पातळ नेसून खुर्चीत बसल्या होत्या. पाच मिनिटं त्यांनी ऐकलं. बोटं गुडघ्यावर होती, पण हलत नव्हती. मग त्यांनी उठून रेडिओ बंद केला, खुर्ची टेबलाशी सरकवली आणि खोलीतून एक कार्ड आणून उत्तराच्या हातात दिलं.

कार्डावर तिकीट नव्हतं, पत्ता नव्हता. दोन्ही बाजूंना देवनागरीत, थरथरत्या, तिरप्या ओळींत लिहिलं होतं. पुढं: सुलभा राजाराम दातार, रविवार, चार वाजता. मागं: मी ऐकत होते.

"हे माझं अक्षर," सुलभाताई म्हणाल्या. "आता तरी मोज."

सोमवारी उत्तरानं ते ऑफिसात नेलं. नकाशा भिंतीवरून काढला होता. टाचण्यांची भोकं तेवढी दिसत होती. कार्डांची खोकी तळघरात जायला दारापाशी रचून ठेवली होती. तिनं हिंदुस्थानी संगीताचं खोकं शोधलं, ते कार्ड त्यात सगळ्यात वर ठेवलं, आणि आपली वही उघडली. छत्तीसवर तिनं एक रेघ ओढली. शेजारी शहात्तर लिहिलं, मग थोडं थांबून कार्ड काढून पुन्हा दोन्ही बाजूंनी वाचलं. सुलभाताईंचं एक कार्ड आधीच शहात्तरात होतं; एका माणसाचं एकच. नियमाप्रमाणं हे जास्तीचं होतं, बाद होत होतं.

तिनं ते खोक्यात परत ठेवलं, आकडा शहात्तरच राहू दिला, आणि खाली सही करायला पेन टेकवलं. पण सही करायच्या आधी तिनं शेजारी एक ओळ लिहिली: 'एक कार्ड जास्तीचे. दोन्ही बाजू वाचल्या.'